विमा एजन्सीचा कोड घेण्यापूर्वी

विमा एजन्सीच्या कामाविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा जे प्रश्न येतात, त्यांतील बहुतेक गोंधळाचे मूळ ‘एजन्सी’ या शब्दाच्या दुहेरी वापरात आहे. कायद्याच्या भाषेत एजन्सी म्हणजे एखाद्या व्यक्तीला एका विमा कंपनीच्या पॉलिसी विकण्यासाठी मिळालेली नियुक्ती. या नियुक्तीसोबत तिला जो क्रमांक मिळतो त्याला व्यवहारात ‘कोड’ म्हणतात. बोलण्यात मात्र नवी माणसे भरती करून त्यांच्याकडून विक्री करून घेणाऱ्या कचेरीलाही एजन्सीच म्हटले जाते. पुण्यातील कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर किंवा पौड रस्त्यावर एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘मुलाखती’साठी बोलावलेल्या पदवीधराला, किंवा मुलांच्या शाळेच्या वेळेत बसेल असे काम शोधणाऱ्या गृहिणीला, आपण नोकरीसाठी आलो आहोत, व्यवसायासाठी आलो आहोत की ग्राहक म्हणून आलो आहोत, हे पहिल्या भेटीत क्वचितच उमगते. पुढील विवेचन या प्रश्नाचा उलगडा सही करण्यापूर्वीच करून घेता यावा, एवढ्यापुरते आहे.

प्रस्ताव नेमका कशाचा आहे

जाहिरातीत ‘फायनान्शियल अॅडव्हायझर’, ‘बिझनेस पार्टनर’ अशी भारदस्त नावे असली, तरी त्यांमागे साधारणपणे पुढीलपैकी एक भूमिका असते, आणि प्रत्येकीचे हक्क निराळे असतात.

- विमा एजंट. १९३८ च्या विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एजंटाला परवाना देण्याची जुनी पद्धत गेली आणि नियुक्ती विमा कंपनीच करू लागली. एका व्यक्तीला एकाच आयुर्विमा कंपनीचे, एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि एकाच आरोग्यविमा कंपनीचे काम करता येते. पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. विक्री झाली तर कमिशन.
- पीओएसपी. ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ ही कमी प्रशिक्षणावर मिळणारी नियुक्ती असून तिच्यात ठरावीक साध्या पॉलिसीच विकता येतात. मात्र ब्रोकरमार्फत ती घेतली, तर अनेक कंपन्यांच्या पॉलिसी एकाच ठिकाणाहून देता येतात.
- सेल्स मॅनेजर. ही कंपनीची पगारी नोकरी असते, परंतु तिचे लक्ष्य पॉलिसी विकण्यापेक्षा एजंट भरती करण्याचे आणि त्या एजंटांकडून हप्ता आणण्याचे असते. ‘मुलाखत’ घेणारी व्यक्ती बहुधा हीच असते.
- लीडर किंवा तत्सम पद. हा स्वतः एजंटच असतो; मात्र त्याने आणलेल्या एजंटांच्या व्यवसायावर त्याला कंपनीकडून वेगळा मोबदला मिळतो. भारतीय आयुर्विमा महामंडळात हीच जबाबदारी परंपरेने विकास अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘डीओ’, सांभाळत आले आहेत, आणि ते महामंडळाचे कर्मचारी असतात.

महिलांसाठी महामंडळाची बीमा सखी योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे सुरू झाली असून, तिच्याविषयीचा गैरसमज इतका पसरला आहे की तिची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक आहे. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयोगटातील महिलेला पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळते. मात्र ते पगार नव्हे आणि बीमा सखी महामंडळाची कर्मचारीही होत नाही. पहिल्या वर्षी २४ जणांचा विमा आणि ४८,००० रुपयांचे कमिशन ही कामगिरीची अट असते, तर पुढील वर्षांचे विद्यावेतन आधी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू राहण्यावर अवलंबून असते. विद्यमान एजंटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना ही योजना खुली नाही, त्यामुळे ‘आमच्या घरातल्या कोडखाली करून देतो’ असे कोणी सांगितल्यास तेथेच थांबावे.

या सर्व भूमिकांत फरक करण्याचा एक सोपा उपाय आहे. नियुक्तिपत्रावर सही कोणाची असणार, आणि दरमहा पैसे कोणाच्या खात्यातून जमा होणार, हे दोन प्रश्न आपण पहिल्याच भेटीत विचारावेत. एजंटाच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर विमा कंपनीचे नाव असायला हवे. मधल्या कचेरीचे किंवा ‘सरांचे’ नाव आले, तर ते कमिशन कायद्याने ओळखलेले कमिशन नाही.

भरतीवर चालणाऱ्या कचेरीचे अर्थकारण

नव्या एजंटाला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात एक वही दिली जाते आणि ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहायला सांगितली जातात. व्यवसायाच्या परिभाषेत या यादीला ‘प्रोजेक्ट हंड्रेड’ आणि त्या माणसांना ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात, म्हणजे जे केवळ ओळखीमुळे नकार देणार नाहीत असे लोक. यादीची कल्पना मुळात वाईट नाही, कारण कोणताही विक्रेता ओळखीपासूनच सुरुवात करतो. प्रश्न असा आहे की यादी संपल्यावर काय होते.

भरतीवर चालणाऱ्या कचेरीत या प्रश्नाचे उत्तर कचेरीला शोधावे लागत नाही. नवा एजंट स्वतःची एक पॉलिसी काढतो, आईवडिलांची काढतो, भाऊ, मेहुणा, सोसायटीतील दोन शेजारी आणि कॉलेजमधील मित्र यांच्या मिळून आठ-दहा पॉलिसी होतात, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात यादी आटते. तो गळतो, त्याच्या जागी नवी यादी घेऊन नवा माणूस येतो. मॅनेजरचे लक्ष्य पूर्ण झालेले असते, लीडरला त्याचा वाटा मिळालेला असतो. अशा रचनेत नवा एजंट हा कचेरीचा पहिला ग्राहक असतो आणि त्याचे नातेवाईक हे दुसरे. ही कोणा एकाची लबाडी असतेच असे नाही. अनेक मॅनेजर स्वतःही याच लक्ष्याच्या दडपणाखाली असतात आणि ते चुकले की त्यांचीही नोकरी जाते.

त्यामुळे कचेरी पारखताना तेथील भिंतीवरच्या परदेश सहलींच्या छायाचित्रांपेक्षा पुढील गोष्टी विचारणे उपयोगाचे ठरते. तीन वर्षांपूर्वी ज्यांना कोड मिळाले त्यांपैकी किती जण आज काम करत आहेत? त्यांतील एक-दोघांशी, मॅनेजर समोर नसताना, बोलता येईल का? कचेरीचा तेराव्या महिन्याचा ‘पर्सिस्टन्सी’ दर किती आहे? पर्सिस्टन्सी म्हणजे विकलेल्या पॉलिसींपैकी किती पॉलिसींचा पुढचा हप्ता आला याचे प्रमाण असून, ओळखीच्या भिडेने घेतलेली पॉलिसी याच टप्प्यावर गळते. आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर ती टाळाटाळ हीच माहिती समजावी.

ही रचना आणि बेकायदा साखळी योजना यांत कायद्याने रेषा आखली आहे. विमा कायद्याच्या कलम ४२-अ ने प्रिन्सिपल एजंट, चीफ एजंट आणि स्पेशल एजंट ही जुनी उतरंड संपवली आणि विम्याची विक्री मल्टिलेव्हल मार्केटिंग पद्धतीने करण्यास मनाई केली. अशा योजनेविरुद्ध पोलिसांकडे तक्रार करण्याचा अधिकारही विमा नियामक प्राधिकरणाला दिला. कंपनीने आपल्याच नियुक्त लीडरला प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा मोबदला देणे वेगळे. आणि ‘पॉलिसी घ्या, दोघांना जोडा, त्यांच्या हप्त्यातून तुमचा हप्ता निघेल’ असे सांगून ग्राहकालाच विक्रेता बनवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातील कोणत्याही बैठकीतून, चहा घेऊन झाला असला तरी, उठून यावे.

उत्पन्नाचे गणित सही करण्यापूर्वी

‘अमर्याद उत्पन्न’ या शब्दांची शहानिशा कागद-पेन्सिलीने होऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर ठरवून दिलेली कमिशनची कमाल मर्यादा गेली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत राहून दर ठरवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. म्हणून दर कंपनीगणिक आणि पॉलिसीगणिक बदलतात आणि चालू दरपत्रक लेखी मागून घेणे अगत्याचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाल्यामुळे त्याआधीचे दरपत्रक दाखवले जात असल्यास ते ग्राह्य धरू नये.

केवळ उदाहरणासाठी, पहिल्या वर्षाचे कमिशन हप्त्याच्या २५ टक्के आणि पुढील वर्षाचे ७.५ टक्के धरू. दरमहा सरासरी २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख रुपये कमिशन हवे असेल, तर वर्षात १२ लाख रुपयांचा नवा हप्ता आणावा लागेल. सरासरी वार्षिक हप्ता ३०,००० रुपये धरला, तर त्या ४० पॉलिसी होतात. पाच भेटींतून एक पॉलिसी होते असे मानले, तर २०० भेटी. वनाज ते वारजे आणि तेथून बावधन अशा फेऱ्यांचे पेट्रोल, फोन, चहापाणी, छपाई यांवर दरमहा ५,००० रुपये गेले, तर हाती २ लाख ४० हजार उरतात. दुसऱ्या वर्षी ८० टक्के पॉलिसी चालू राहिल्या, तर ९ लाख ६० हजारांच्या हप्त्यावर ७२,००० रुपये नूतनीकरणाचे कमिशन मिळेल, पण उरलेल्यासाठी पुन्हा नवे ग्राहक हवेत, आणि त्या वेळी शंभर नावांची वही कोरी झालेली असेल. या धंद्यात टिकलेल्या एजंटांचे उत्पन्न मुख्यतः नूतनीकरणाच्या कमिशनवर उभे असते, आणि ते साठायला चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळाचा घरखर्च दुसरीकडून भागणार नसेल, तर नोकरी सोडून या कामात पडू नये.

येथे ‘क्लॉबॅक’ ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. ग्राहकाने पॉलिसी लवकर सोडल्यास आधी दिलेले कमिशन कंपनी एजंटाच्या पुढील कमिशनमधून वळते करते, त्याला क्लॉबॅक म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून, पहिल्या पूर्ण वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्या ग्राहकालाही विशेष सरेंडर मूल्य मिळू लागल्याने कंपन्यांवर भार पडला, आणि तो काही प्रमाणात एजंटांच्या कमिशनरचनेत उतरला. तसेच पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लुक’ काळ ग्राहकाला मिळतो. त्या काळात पॉलिसी परत आली, तर कमिशन मिळाले नाही असेच समजावे.

कोथरूडची बाजारपेठ आणि तिचा मोह

डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत बँकांतून, सरकारी खात्यांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेली, मुले परदेशी असलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासातून अनेकांच्या हाती एकरकमी ‘कॉर्पस’ आलेला आहे. हा पैसा भरतीच्या बैठकांत ‘संधी’ म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात सत्तरीतल्या माणसाच्या नावे दहा वर्षे हप्ता भरण्याची पॉलिसी करणे ही ग्राहकाच्या गरजेशी विसंगत विक्री असून, तिची तक्रार अमेरिकेतून मुलगा करतो तेव्हा मॅनेजर बदलून गेलेला असतो आणि कागदावर एजंटाचाच कोड असतो.

‘पूर्ण करमुक्त’ हा शब्दही जपून वापरावा. १ एप्रिल २०२३ पासून काढलेल्या, युलिप वगळता अन्य आयुर्विमा पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता ५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेवर कर लागू शकतो. युलिपसाठी, म्हणजे बाजाराशी निगडित पॉलिसींसाठी, १ फेब्रुवारी २०२१ पासून ही मर्यादा अडीच लाख आहे. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम मात्र या मर्यादेत येत नाही.

टाळावयाच्या गोष्टी

नियुक्तीसाठी किमान दहावी उत्तीर्ण असणे आणि ‘आयसी-३८’ या अभ्यासक्रमाची परीक्षा देणे आवश्यक असते; परीक्षा मराठीतूनही देता येते आणि ती अवघड नाही, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. खरे धोके त्यानंतर सुरू होतात.

1. कोड उसना देणे. ‘कोड तुमच्या नावावर, काम आम्ही करू, दरमहा थोडे पैसे देऊ’ ही योजना कोथरूडच्या सोसायट्यांतील गृहिणींना सर्रास सुचवली जाते. त्या कोडवर लॉगिन झालेल्या प्रत्येक प्रस्तावाला, त्यातील खोट्या सहीला आणि लपवलेल्या आजाराला उत्तरदायी त्या गृहिणीच राहतात, आणि कमिशन त्यांच्याच पॅनवर दिसते.
2. कमिशनमधून सूट देणे. ग्राहकाचा पहिला हप्ता किंवा त्याचा भाग एजंटाने भरणे हा विमा कायद्याच्या कलम ४१ चा भंग असून, २०१५ च्या दुरुस्तीने त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. मार्चअखेरीस मॅनेजरच असा आग्रह धरतो, तेव्हा हे कलम त्याच्यासमोर नम्रपणे वाचून दाखवावे.
3. नियुक्तीआधी विक्री. कोड मिळण्यापूर्वी दुसऱ्याच्या कोडवर केसेस करणे म्हणजे विनानियुक्ती एजंटाचे काम करणे होय, आणि त्यालाही दंड आहे.
4. आजार लपवणे. कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, या आधारावर ‘मधुमेह लिहू नका’ असे शिकवले जाते; पण मृत्यू त्या तीन वर्षांत आला, तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि ते घर बहुधा एजंटाच्या नात्यातलेच असते.
5. मूळ कागदपत्रे, कोरे धनादेश किंवा ‘डिपॉझिट’ देणे. परीक्षाशुल्क वगळता अन्य रकमेची मागणी झाल्यास कंपनीची पावती मागावी; ती न मिळाल्यास पैसे देऊ नयेत.

शंभर नावांच्या वहीविषयी एक सूचना: ती आपल्याकडेच ठेवावी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटातील क्रमांक परवानगीविना कचेरीच्या हवाली केल्यास आपण सोडून गेल्यावरही त्या शेजाऱ्यांना फोन येत राहतात, आणि जिन्यात भेटल्यावर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

करविषयक टिपण

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा अधिक विमा कमिशनवर वैयक्तिक एजंटाच्या बाबतीत २ टक्के करकपात होते. कमिशनचे उत्पन्न हे व्यवसायाचे उत्पन्न असून, छोट्या व्यावसायिकांसाठीची गृहीत नफ्याची सोय कमिशन एजंटांना लागू नाही. म्हणून प्रवास, फोन इत्यादी खर्चाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

बाहेर पडताना

सोडून जाणाऱ्या एजंटाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो की त्याने विकलेल्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन पुढे त्याला मिळेल का. उत्तर करारात असते आणि ते कंपनीनुसार बदलते: ठरावीक वर्षे आणि ठरावीक व्यवसाय पूर्ण असल्यास ते चालू राहते, त्याआधी सोडल्यास थांबते. महामंडळाच्या एजंटांसाठी ही व्यवस्था तुलनेने भक्कम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने त्यांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांपर्यंत नेली आणि पुन्हा नियुक्त झालेल्या एजंटांनाही नूतनीकरण कमिशनासाठी पात्र ठरवले. खासगी कंपनीत जाताना हेच कलम आधी शोधून वाचावे, सहलीचे पत्रक नंतर.

राजीनामा लेखी द्यावा, ओळखपत्र परत करून पोच घ्यावी आणि नियुक्ती संपल्याचे प्रमाणपत्र मागावे. २०१६ च्या विनियमांत हे प्रमाणपत्र १५ दिवसांत देण्याचे बंधन कंपनीवर ठेवले असून, त्याच्या तारखेपासून ९० दिवसांनंतर दुसरी आयुर्विमा कंपनी अर्ज विचारात घेते. प्रमाणपत्र अडवून एजंटाला थोपवून धरणे हा जुना डाव आहे. सोडल्यानंतर दुसऱ्या कंपनीत काम न करण्याची अट करारात असली, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती सामान्यतः लागू करता येत नाही. मात्र जुन्या ग्राहकांच्या चालू पॉलिसी मोडून नव्या विकणे यास ते कलम संरक्षण देत नाही, आणि ग्राहकाचेही त्यात नुकसानच होते.

तक्रार कोठे करावी

पुण्यातील विमा लोकपालाचे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरील जीवन दर्शन इमारतीत असल्याने कोथरूडकरांना ते जवळचे आहे, पण तेथे पॉलिसीधारकांच्या तक्रारी चालतात. एजंटाच्या थकलेल्या कमिशनचा वाद लोकपालाकडे जात नाही. मात्र भरतीच्या नावाखाली आपल्याच गळ्यात मारलेल्या पॉलिसीबाबत आपण पॉलिसीधारक असता. ३० दिवसांच्या आत असल्यास ती सरळ परत करावी. मुदत उलटली असल्यास आधी कंपनीकडे, नंतर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर, आणि कंपनीने महिनाभरात उत्तर न दिल्यास किंवा असमाधानकारक उत्तर दिल्यास लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कमिशनच्या वादात प्रथम कंपनीच्या एजन्सी विभागाला लेखी मागणी करावी, त्याची प्रत विमा नियामक प्राधिकरणाला पाठवावी, आणि करारात लवादाचे कलम आहे का ते पाहून मगच दिवाणी मार्गाचा विचार करावा. एजंट कर्मचारी नसल्याने कामगार न्यायालयाचा रस्ता सामान्यतः त्याला खुला नसतो. महिला एजंटांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. जाताना नियुक्तिपत्र, कमिशनची मासिक पत्रके, करकपातीची विवरणे आणि मॅनेजरशी झालेले व्हॉट्सअॅपवरील संभाषण छापून, तारखांच्या क्रमाने लावून न्यावे.